आईच्या विहिरीतला नायट्रेट आणि आमचे दाजी

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, हा माणूस वाईट नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुमचा तसा समज होण्याची दाट शक्यता आहे.

ताईशी लग्न ठरवायला ते पहिल्यांदा घरी आले, तेव्हा आईनं पाण्याचा पेला पुढे केला. दाजींनी तो उजेडात धरला, आतलं पाणी गोल गोल फिरवून सगळं अंगणात फेकलं आणि म्हणाले, "आता भरा." आईनं निमूटपणे भरला. मग ती म्हणाली, "काही विचारायचं असेल तर मोकळेपणानं विचारा हो." तिला वाटलं, मुलीला शिवण येतं का, स्वभाव कसा आहे, असलं काहीतरी विचारतील. दाजींनी विचारलं, "तुमच्या संडासाचा खड्डा विहिरीपासून किती लांब आहे?"

आतल्या खोलीत ताई खो खो हसली आणि तिनं तिथेच हा मुलगा पसंत केला. आई मात्र त्या दिवसापासून दाजींना पाण्यात पाहू लागली. "जावईबापू" असं ती त्यांना म्हणायची खरी, पण त्या शब्दाला अशी धार लावायची की दुसरा कोणी असता तर पुन्हा उंबरठा ओलांडला नसता. दाजींना ते कळायचंच नाही. त्यांना पाण्यातलं सगळं कळतं, माणसांतलं तेवढं उशिरा कळतं.

दाजी पाणी तपासणीच्या कार्यालयात आहेत. मंडईच्या मागे दोन खोल्या, एक खिडकी, आणि एक फ्रीज. त्या फ्रीजमध्ये गावभरच्या विहिरींच्या बाटल्या आणि दाजींचा जेवणाचा डबा शेजारी शेजारी नांदतात. नमुना घ्यायचा म्हणजे जे पाणी भरायचं त्याच पाण्यानं बाटली आधी खळखळून घ्यायची, हा त्यांच्या धंद्याचा नियम. तो त्यांच्या हाडीमांसी इतका भिनलाय की हॉटेलात किटलीत चहा आला तरी कपात घोटभर ओतून, फिरवून, फेकून देतात आणि मग उरलेला पितात. त्यांच्याबरोबर चहाला जाताना मी नेहमी वेगळ्या टेबलावर बसतो. जित्याची खोड, दुसरं काय!

गावाबाहेर दगडाची खाण आहे. रोज दुपारी सुरुंग उडतात, घरातली भांडी एकदा किणकिणतात आणि आई म्हणते, "जेवायला बसा." आईचा भाऊ, आमचा मामा, खाणीच्या गोदामात कामाला. मामानं ओळखीनं चिकटवलेली अर्धी गल्ली खाणीत काम करते. माझं मात्र पंपाच्या मोटारी वाइंडिंग करायचं दुकान आहे, त्यामुळे गल्लीतली प्रत्येक विहीर मला आतून माहीत आहे. आणि सगळ्या विहिरींत आईच्या विहिरीचा तोरा काही वेगळाच. चव गोड, पाणी काचेसारखं, उन्हाळ्यातही हात घातला तर बोटं बधिर होणार. सकाळी सगळी गल्ली कळशा घेऊन आमच्या अंगणात, आणि आई मधोमध उभी राहून कोणाच्या घरी काय चाललंय ते सगळं काढून घ्यायची. वर्तमानपत्र आम्ही फक्त कपाटात अंथरायला घेतो.

आमच्याकडे मुलगी झाली. बायकोला अंगावरचं दूध पुरेना, म्हणून डॉक्टरांनी पावडरचं वरचं दूध लिहून दिलं. ते कालवायला पाणी अर्थातच आईच्या विहिरीचं. आई ते चांगलं आटेपर्यंत उकळायची. नातीच्या बाबतीत ती कोणावर विश्वास ठेवत नव्हती, गॅसवरसुद्धा नाही.

नेमका त्याच सुमारास दाजींच्या कार्यालयानं गल्लीतल्या सगळ्या विहिरी तपासायला घेतल्या. आईच्या विहिरीत नायट्रेट निघाला, आणि थोडाथोडका नाही. गल्लीत सगळ्यांत जास्त.

दाजी तडक घरी आले, चपलाही काढल्या नाहीत. "हे पाणी मुलीला द्यायचं नाही," म्हणाले. "मोठ्यांना लगेच काही होत नाही. पण इतक्या लहान मुलांच्या रक्तात प्राणवायू पोचेनासा होतो. ओठ, नखं निळी पडतात."

"मी उकळून देते," आई म्हणाली.

"उकळलं तर आणखी वाईट. पाणी उडून जातं, नायट्रेट तिथेच राहतो."

बायकोनं बाळाला उचललं ते सरळ दवाखाना गाठला. रक्त ठीक होतं. देव पावला म्हणायचं. त्या दिवसापासून दाजी रोज सकाळी स्कूटरवर पायाशी पाण्याचा कॅन ठेवून स्वतःच्या घराकडच्या नळाचं, तपासलेलं पाणी आणून देऊ लागले. गल्लीनंही हळूच विहीर सोडली. आईच्या तोंडावर कोणी काही बोललं नाही, पण सकाळी अंगणात एकही कळशी दिसेना.

कार्यालयाची लाल पाटी विहिरीला लावावीच लागते, ती दाजींनी स्वतः लावली. आईनं त्यावर एक पिशवी अडकवली, पाटी झाकेल अशी. मग ती आत आली आणि पाळण्याकडे न बघता म्हणाली, "जिला माझं पाणी चालत नाही, तिला मी तरी कशाला चालेन? सांभाळा तुमची पोर तुम्हीच."

आम्हाला वाटलं, संध्याकाळपर्यंत निवळेल. पण आई एकदा अडून बसली की बसली. तिनं नातीला घेणं बंद केलं ते केलंच. पोर रडली की ही स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायची, म्हणजे रडणं ऐकू येऊ नये. आम्ही अंगणात असलो की मात्र हळूच पाळण्याशी जाऊन उभी राहायची, हात मागे बांधून. मी एकदा खिडकीतून पाहिलं. मला फार वाईट वाटलं, आणि दाजींचा फार राग आला. त्यांचा काही दोष नव्हता हे कळत असूनही आला.

मी, बायको, ताई, सगळ्यांनी समजावून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी! तिचं एकच म्हणणं. "चाळीस वर्षं चांगलं असलेलं पाणी एका दिवसात कसं नासलं? कुठून आली ही घाण, ते मला दाखवा. मग बोला. तोवर ही विहीर चांगली आणि तुमची बाटली खोटी."

"बरोबर आहे," दाजी म्हणाले. "कुठून आलं ते शोधायलाच पाहिजे." या दोघांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं होतं, आणि तेही भांडणात.

संशयित तीन होते. गल्लीचं म्हणणं, खाणीच्या सुरुंगाची दारू. खाणवाल्यांचं म्हणणं, गल्लीचे संडास. दोघांनी मिळून गावाबाहेरच्या शेतकऱ्यांच्या खताकडेही बोट दाखवलं होतं, पण शेतं उताराच्या खालच्या अंगाला, आणि पाणी काही चढ चढून येत नाही, म्हणून ते लगेच सुटले.

दाजींनी आधी संडास धरला. त्यांचा जुना, आवडता संशयित. एका रविवारी ते कसलातरी हिरवा रंग घेऊन आले आणि तो आमच्या संडासात ओतला. खड्डा विहिरीत पाझरत असेल तर चार-आठ दिवसांत पाणी हिरवं दिसेल, अशी योजना. ओतताना थोडा सांडला. मग दाजींचे हात हिरवे, दाराची कडी हिरवी, टॉवेल हिरवा, आणि शेजारचं पांढरं मांजर, जे नको तिथे झोपायला येतं, ते एका कुशीला हिरवं. विहीर मात्र जशीच्या तशी.

"सगळं घर हिरवं झालं," आई म्हणाली, "विहीर सोडून."

दाजींना ते लागलं नाही. त्यांना आनंदच झाला. "मीठ तपासलं मी," त्यांनी मला दुकानात येऊन सांगितलं. मी एका मोटारीची तार गुंडाळत होतो, पण दाजींना समोरच्याचे हात रिकामे लागत नाहीत. "माणूस असो की म्हैस, पोटातून जे बाहेर पडतं त्यात मीठ असतंच. संडासाचं पाणी मुरलं असतं तर नायट्रेटबरोबर मीठही वाढलं असतं. तुमच्या विहिरीत नायट्रेट भरपूर आणि मीठ जेमतेम. संडास निर्दोष!"

"अभिनंदन," मी म्हणालो.

"म्हणजे सुरुंगाची दारू. ती असते पांढरी, दाणेदार. अमोनियम नायट्रेट. त्यात मीठ नसतं." एवढं बोलून त्यांचा चेहरा पडला. "पण एक बसत नाही. खाणीजवळच्या विहिरी स्वच्छ आहेत. तुमची विहीर खाणीपासून सगळ्यांत लांब. पाणी मधल्या सहा विहिरींवरून उडी मारून येईल का?"

पुढे कितीतरी दिवस दाजी जमिनीकडे बघत गल्लीतून फिरत होते. खांद्याला पिशवी, पिशवीत बाटल्या, हातात नायट्रेटच्या पट्ट्या. ही पट्टी पाण्यात बुडवली की नायट्रेट असेल तितकी गुलाबी होते. त्यांनी गटारं तपासली, डबकी तपासली. खाणीच्या पहारेकऱ्यानं हाकललं, एका कुत्र्यानं पँट फाडली. गल्लीतली माणसं त्यांना बघून दार लावून घ्यायची, कारण दाजी दिसले की खड्ड्याचा प्रश्न आलाच.

मग एका दुपारी ते आमच्या अंगणात धुण्याच्या दगडाशी बसून बाटल्या विसळत होते आणि एकदम थांबले. दगडामागे आईची भोपळ्याची वेल आहे. पानं सुपाएवढाली, हिरवीगार, भिंत चढून छपरावर गेलेली. तिच्याकडे बघत त्यांनी मला विचारलं, "या वेलीला भोपळे किती लागतात?"

"एकही नाही. नुसती पानं."

"नायट्रेट जास्त झाला की असंच होतं, नुसती पानं. किती वर्षं?"

"आई पिशव्या शिवायला लागली तेव्हापासून असेल," मी सहज बोलून गेलो.

आईच्या पिशव्यांबद्दल सांगायला हवं. मामा गोदामातून रिकाम्या गोण्या आणायचा. जाड, पांढऱ्या, मजबूत. खाणीत त्या जाळून टाकायच्या असतात, पण मामाच्यानं चांगली वस्तू जाळवत नाही. आई त्या धुण्याच्या दगडावर घासून कागदासारख्या पांढऱ्याशुभ्र करायची आणि त्यांच्या पिशव्या शिवून सगळ्यांना वाटायची. तळाशी चार दाणे उरलेले असले तर ते वेलीच्या बुंध्याशी झटकायची. गल्लीत आईच्या पिशवीशिवाय कोणी बाजाराला जात नव्हतं. विहिरीच्या पाटीवर अडकवलेली पिशवी तिचीच. आणि दाजींच्या खांद्याला जी होती, तीही.

दाजींनी ती हळूच खांद्यावरून काढली. दोरीवर एक नवी गोणी धुण्याची वाट बघत होती. तिचा कोपरा त्यांनी कॅनमधल्या पेलाभर चांगल्या पाण्यात बुडवून पट्टी लावली. पट्टी गुलाबी होऊन थांबली नाही, पार जांभळी झाली. दगडाखालचा ओटा विहिरीच्या बाजूला तडकलेला होता. बोट जाईल एवढी भेग.

"काखेत कळसा," मी म्हणालो.

दाजी हसले नाहीत. "हे आईंना कसं सांगायचं?" ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. मुलगी बघायला आलेल्या घरात संडासाचा खड्डा विचारणारा हा माणूस! पण त्यांचा चेहरा खरंच उतरला होता. सांगितलं तर आईला कळणार की चाळीस वर्षांची विहीर तिनं स्वतःच्या हातानं, चांगलं काम समजून नासवली, आणि तेच पाणी नातीला पाजलं. न सांगितलं तर गोण्या धुणं चालूच. इकडे आड, तिकडे विहीर, आणि यांच्या बाबतीत विहीर खरोखरची.

"मी सांगतो," मी म्हणालो, आणि सांगितलं नाही. दाजी म्हणाले "उद्या मी सांगतो," आणि दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी आईपुढे बसून हवापाण्यावर गप्पा मारल्या. हवापाण्यावर! दाजी! शेवटी आईनंच विचारलं, "सापडलं का काही?"

"सुरुंगाच्या दारूचंच आहे," दाजी चहात बघत म्हणाले. "खाणीचंच."

खोटं नव्हतं ते. पण अर्धंच होतं, आणि आमच्या आईच्या हाती अर्धं सत्य देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत.

"मी म्हणत नव्हते!" आई उठलीच. तिच्या अंगात दहा माणसांचं बळ आलं. "खाणीला आधी सरळ करते. मग माझ्या विहिरीचं पाणी पाजते आणि मगच पोरीला मांडीवर घेते. त्याआधी नाही." संध्याकाळपर्यंत ती घरोघर फिरून आली. गल्लीचा मोर्चा खाणीच्या फाटकावर न्यायचं ठरलं, आणि आई पुढारी.

मी दाजींना म्हणालो, आता तरी सांगा. ते म्हणाले, मोर्चा होऊन जाऊ दे. दोन आठवडे असेच गेले. आई घोषणा घोकत होती, पाळण्यातली पोर हुंकार द्यायला शिकली होती, आणि आईनं तिला अजून हात लावला नव्हता. गोण्या मात्र त्या दिवसांत तिनं धुतल्या नाहीत. तिला पुढारीपणातून वेळ नव्हता. आम्ही दोघे भित्रे त्यावरच समाधान मानून बसलो.

मोर्चाच्या आदल्या सकाळी दाजी कॅन घेऊन आले. मी दार उघडलं आणि दोघांनी अंगणात पाहिलं. धुण्याच्या दगडाशी गोण्यांचा ढीग. आईनं मामाकडून मुद्दाम जास्त मागवल्या होत्या आणि त्या जोडून भलामोठा फलक शिवणार होती. "आमचं पाणी आम्हाला परत द्या" असं त्यावर लिहायचं होतं. पदर खोचून, बाह्या वर करून ती एकेक गोणी आपटत होती, आणि दुधट पाण्याचा ओघळ ओट्यावरून सरळ त्या भेगेत जात होता.

"आई, थांबा! ओतू नका ते!" दाजींच्या हातून कॅन निसटता निसटता राहिला.

"का? साबणाचं पाणी आहे."

"साबणाचं नाही. सुरुंगाचं आहे."

आई हसली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हसायची थांबली. दाजी खाली बसले. त्यांनी एक पट्टी आईच्या बादलीत बुडवली. जांभळी. दुसरी कॅनमध्ये. पांढरी ती पांढरीच. त्यांनी भेग दाखवली. तोंडानं फार थोडं बोलले, आणि तेही अडखळत.

आईनं त्या भेगेकडे पाहिलं. मग वेलीकडे.

"मी समजत होते माझ्या हाताला गुण आहे," ती म्हणाली.

माझी बायको पोरीला घेऊन दारात येऊन उभी राहिली होती.

"तिला काही झालं असतं का?" आईनं विचारलं.

"हो," दाजी म्हणाले. "झालं असतं."

आईनं मान हलवली. ओल्या मनगटानं तोंड पुसायला गेली आणि मध्येच हात थांबवून खाली घेतला. "तुम्हाला कधी कळलं?"

"दोन आठवडे झाले."

"अख्ख्या जगाला तोंडावर बोलता तुम्ही. मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही रडाल म्हणून."

"रडले असते की!" आईचा आवाज चढला आणि फुटला. "रडले असते दोन दिवस. पण दोन आठवडे पोर मांडीवर असती माझ्या."

मला तर जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. मग आईच सावरली. गोणी उलटी करून तिच्यावरचं छापलेलं नाव तिनं आम्हाला दाखवलं. "जाळायच्या गोण्या बाहेर जाऊ दिल्या कोणी? खाणीनं. मोर्चा निघणारच. मामालाही घेऊन जाते, बघतेच त्याच्याकडे. फलक तेवढा कापडाचा करा."

मग तिनं दोन्ही हात दाजींच्या पुढे धरले, कोपरापर्यंत दुधट पांढरे. "ओता," ती म्हणाली.

दाजींनी कॅन तिरका केला. आई हात चोळत राहिली, बोटांच्या बेचक्यांतून, नखांतून, पुन्हा पुन्हा, आणि दाजी ओतत राहिले. ते पाणी बादलीत पडेल याची काळजी मात्र त्यांनी घेतली, ओट्यावर एक थेंब सांडू दिला नाही. कॅन संपेपर्यंत आईनं हात मागे घेतले नाहीत. मग पदराला पुसून तिनं बायकोच्या हातून पोरीला घेतलं. पोर तिच्याकडे टकमक बघत राहिली आणि मग हुंकारली. आईनं तो हुंकार पहिल्यांदाच जवळून ऐकला. ती तिथेच पायरीवर बसली.

कॅन रिकामा झाला होता. दुधाला पाणी उरलं नव्हतं, म्हणून दाजी तो घेऊन पुन्हा स्कूटरकडे निघाले. त्यांनी किक मारली तेव्हा आई मागून ओरडली, "सावकाश जा हो. घाई नाही. मी बसलेय हिला घेऊन."